राखेचा रोग

अब्दोन तोआपांता मिस्त्री ड्रायव्हरशी बोलत नसे. तसा अबोला नव्हता. पाऊसपाणी, बटाट्यावरची कीड, पाद्रीबाबांची गुडघेदुखी, सगळ्यावर तो तासन्‌तास बोले. पण गाडीला काय होतंय, हे ती चालवणाऱ्याला विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे. "चूक ड्रायव्हर करतो आणि नाव गाडीचं सांगतो," तो म्हणे. "गाडी बिचारी मुकी. मुकी आहे म्हणूनच खरी." वर्कशॉपच्या बाहेर निलगिरीच्या ओंडक्याचा एक बाक होता. गाडी आत आणि ड्रायव्हर बाकावर, असा तिथला कायदा. पेशंटच्या नातेवाइकांना कुठे ऑपरेशनच्या खोलीत घेतात?

लोक हे ऐकून घेत, कारण मिस्त्रीचा कान. किन्चापाम्बाच्या खोऱ्यात फोर-व्हील गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल म्हटलं की अब्दोनचंच नाव. गाडी अंगणात वळत असतानाच तो डोळे मिटून घेई. वळताना कट-कट वाजलं तर क्रॉस, म्हणजे चाकाजवळचे सांधे, गेले. सरळ चालताना घूं-घूं सुरू झालं आणि वेगाबरोबर वाढत गेलं तर बेरिंग. मग पुढची बाजू जॅकवर उचलायची, चाक वरून-खालून धरून हलवायचं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती आहे ते बघायचं. आणि मग हब. पुढच्या चाकाच्या मधोमध जी टोपी असते ना, ती. तिच्यावर एक फिरकी असते. फिरकी एकीकडे फिरवली की चाक अ‍ॅक्सलला जोडलं जातं; मग आतला फोर-व्हीलचा दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. दुसरीकडे फिरवली की चाक मोकळं, डांबरी रस्त्यावर आपलं नुसतं फिरत राहतं आणि अ‍ॅक्सल झोपा काढतो. फिरकीवर अक्षरं असतात म्हणे. अब्दोनने ती जन्मात वाचली नव्हती. आमच्या चिखलात ती दिसतात कुणाला? तो बोटांनी फिरवी आणि कानाने ऐके. जोडल्याचा आवाज भरीव, सुटल्याचा पोकळ. त्याला तेवढं पुरे होतं.

आता एकाच खोऱ्यात इतके पुढचे अ‍ॅक्सल का मरतात, असा प्रश्न कुणालाही पडेल. खाली शहरात त्याच जपानी गाड्या वर्षानुवर्षं चालतात, त्यांचा क्रॉस कधी वाजत नाही. आमच्याकडे मात्र दर पावसाळ्याआधी बाकावर रांग. अब्दोनलाही हा प्रश्न पडला होता, आणि त्याने तो सोडवला होता. राख. समोरचा ज्वालामुखी अधूनमधून खाकरतो, राख उडवतो, ती ग्रीसमध्ये जाते आणि आतून गाडी खाते. याला त्याने नाव दिलं होतं राखेचा रोग. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा आणि इतक्या गंभीरपणे सांगितली की एका रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात माणसाच्या मनात शिरणाऱ्या राखेचा दाखला दिला. त्या दिवशी अब्दोन चर्चमधून बाहेर पडला तो हॅट जरा वर करूनच.

सगळ्याच गाड्या त्याच्याकडे हब जोडलेल्या अवस्थेत येत. कोरड्या डांबरी रस्त्यावरून आलेल्या, तरी जोडलेल्या. अब्दोन मान हलवी. "सोडायला विसरले. ड्रायव्हरची जात." आणि स्वतः सोडून देई. त्यात विचारण्यासारखं त्याला कधी काही वाटलं नाही.

खोऱ्यातली अशी पहिली गाडी क्लोदोमिरोने आणली. भला माणूस, तोंडाचा फटकळ, सहा यत्ता शिकलेला. गाडी आली तसं रीतीप्रमाणे तिचं बारसं झालं. पाद्रीबाबांनी बॉनेटवर तीर्थ शिंपडलं, बँड वाजला, भाजलेले गिनीपिग आणि उकडलेला मका पंगतीला होता, आणि गाडीचा धर्मबाप म्हणून उभा राहिला अब्दोन. आमच्यात धर्मबाप होणं ही गंमत नव्हे. गाडीच्या दुखण्याखुपण्याला धावून जायचं, आणि गाडीच्या मालकाचं नि आपलं नातं जन्माचं: तो आपला कोम्पाद्रे, त्याची बायको आपली कोमाद्रे. कपाळावर क्लोदोमिरोने मोठ्या अक्षरांत नाव रंगवून घेतलं होतं, 'हट्टी'. ते किती खरं ठरणार, याची ठेवताना त्याला कल्पना नव्हती. पुढे खोऱ्यात जो जो अशी गाडी घेई, तो पहिल्यांदा क्लोदोमिरोकडे शिकायला जाई.

क्लोदोमिरो मूतखड्याने गेला. गाडी होविताने घेतली, म्हणजे त्याच्या बायकोने. गाडीबरोबर दुधाची फेरीही आली. वरच्या वाडीतून दुधाचे कॅन उचलायचे आणि खाली सोसायटीच्या टाकीत आणून ओतायचे. मध्ये साबणाची चढण. नावातच सगळं आलं. कोरड्या दिवसांत ठीक, पावसात मात्र गाडी अर्ध्यात जाऊन थांबे, मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवत, आणि वर वाडीतलं दूध कॅनमध्ये फाटत बसे. त्या वर्षी पाऊस असा लागला की वाडीतली डुकरं दुधावर पोसली गेली.

"बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार," विल्मेर म्हणाला. विल्मेर म्हणजे होविताच्या नणंदेचा नवरा. त्याची गाडी नवी होती आणि त्या फेरीवर त्याचा डोळा क्लोदोमिरोच्या तेराव्यापासून होता. आमच्याकडे तेरावं नवव्या दिवशी असतं, एवढाच फरक.

अब्दोन एकटाच तिच्या बाजूने बोलला. "ड्रायव्हर बाई आहे का बुवा, त्याने गाडीला काय फरक पडतो? ड्रायव्हर सगळेच सारखे. दोष अ‍ॅक्सलमध्ये आहे." होविताला हे ऐकून भरून आलं. आपल्याला त्याने सगळ्या पुरुषांच्या ओळीत नेऊन बसवलं होतं, आणि ती ओळ त्याच्या लेखी गाढवांची होती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा हबमधलं ग्रीस थंडीने थिजून जुन्या चरबीसारखं झालेलं त्याला सापडलं. ते खरवडून काढलं, नवं भरलं, होविताला बाकावर बसवून स्वतः गाडी घेऊन गेला, चढणीच्या पायथ्याशी फिरक्या आपल्या हाताने फिरवल्या, आणि हट्टी शेळीसारखी वर चढली. खाली येऊन फिरक्या सोडल्या, किल्ली दिली. दोन दिवसांनी होविता चढणीवर अडकली.

दुसऱ्यांदा त्याने क्रॉस बदलले. खरोखरच झिजले होते. पुन्हा एकटा गेला, पुन्हा चढली. पुन्हा होविता अडकली.

तिसऱ्यांदा त्याने अख्खा अ‍ॅक्सल उतरवला, डिफरन्शियल उघडलं, एकेक दात बोटाने चाचपला. दोष नाही. अब्दोनला झोप लागेना. माझ्या हातात चालते आणि तिच्या हातात नाही, याचा अर्थ काय? साध्या माणसाला याचा एकच अर्थ लागला असता. पण अब्दोन तज्ज्ञ होता. त्याने ठरवलं की राख आता नव्या प्रकारची येत असावी.

"कोम्पाद्रे, एकदा माझ्याबरोबर गाडीत बसा," होविता बाकावरून म्हणाली. "मी चालवते, तुम्ही बघा."

"तुम्हाला बघून काय करू, कोमाद्रे? मला गाडी बघायची आहे."

मग सोसायटीचे अध्यक्ष नेप्ताली घरी आले. त्यांनी हॅट काढून हातात धरली, म्हणजे बातमी वाईट. "होविताबाई, मी काही दुष्ट माणूस नाही. पण वाडीचे लोक माझ्या दारात फाटलेलं दूध आणून ओततात. येत्या सणापर्यंत बघतो. सणाच्या दिवशी साबणाची चढण चढलात तर फेरी तुमची. नाही तर सोमवारपासून विल्मेर."

फेरी गेली की गाडी विकावी लागणार, आणि गाडी गेली की क्लोदोमिरोचं म्हणून या जगात काही उरणार नव्हतं. हे तिने अब्दोनला जाऊन सांगितलं. अब्दोनलाही वाईट वाटलं. धर्मबापाच्या डोळ्यांदेखत लेक विकली जाणार. आणि लोक काय म्हणतील तेही होतंच: पुढच्या अ‍ॅक्सलच्या या तज्ज्ञाला स्वतःची लेक बरी करता आली नाही.

सण म्हणजे वरच्या वाडीतल्या देवळातल्या संताचा. त्या दिवशी खोऱ्यातल्या सगळ्या गाड्या कागदी फुलं लावून ओळीने वर जातात, पाद्रीबाबा त्यांना पुन्हा आशीर्वाद देतात. आणि रीत अशी की गाडीचा धर्मबाप सूट घालून ड्रायव्हरशेजारी बसतो. दरवर्षी अब्दोन यातून सुटत असे, कारण सणाच्या दिवशी कुणाची ना कुणाची गाडी मरायचीच आणि तो तिच्याखाली असायचा. या वर्षी मात्र होविता सकाळीच दारात गाडी लावून बसली. "चला, कोम्पाद्रे. आज देवाचं काम आहे. नाही म्हणता येणार नाही."

अब्दोनने लग्नातला काळा सूट चढवला. बटण लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणा ड्रायव्हरच्या शेजारी बसला, आणि बसल्या बसल्या गाडीचा आवाज ऐकू लागला. डांबरी रस्ता होता, तरी अ‍ॅक्सल जागा होता. घूं-घूं चाललेलं. 'हब जोडलेले,' तो मनात म्हणाला. 'सोडायला विसरली.' सवयीने मान हलवली.

आदल्या दिवशीच्या पावसाने चढण तुकतुकीत झाली होती. पायथ्याशी सगळ्या गाड्या थांबल्या. बाजूला छत्री धरून अध्यक्ष उभे, त्यांच्यामागे बँडवाले ढोल झाकून. होविता उतरली, पुढच्या चाकाशी वाकली. अब्दोन काच खाली करून ऐकू लागला.

टक. आवाज पोकळ होता.

ती दुसऱ्या बाजूला गेली. पुन्हा तोच. टक. सुटल्याचा आवाज. या बाईने ऐन चढणीच्या तोंडाशी हब सोडले होते.

अब्दोन सुटासकट चिखलात उतरला. आणि जो प्रश्न त्याने उभ्या जन्मात कुणाला विचारला नव्हता तो त्याच्या तोंडून निघाला. "कोमाद्रे, काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? ब्रेकवर टाकलं." होविताने अंगठ्याने फिरकीवरचा चिखल पुसला. "हे बघा ना, लिहिलंच आहे. एफ, आर, ई... फ्रेनो. ब्रेक. म्हणजे चाक धरून ठेवणार, घसरू देणार नाही. आणि इकडे एल, ओ, सी... लोका. वेडी. रस्त्याला लागलं की वेडीवर टाकायचं, म्हणजे चाक वेड्यासारखं मोकळं फिरतं."

अब्दोन बघत राहिला. आमच्या बोलीत नुसतं फिरणाऱ्या चाकाला वेडं चाकच म्हणतात. तोही म्हणे. आणि ब्रेकला फ्रेनो. बाई अक्षर न्‌ अक्षर बरोबर वाचत होती. फिरकीवर एका बाजूला 'फ्री' होतं आणि दुसऱ्या बाजूला 'लॉक', इंग्रजीत, आणि तिने ते आपल्या भाषेत वाचलं होतं. रस्त्यावर जोडलेलं, चिखलात मोकळं. बरोब्बर उलटं.

"पण कोमाद्रे, शेवटी 'के' आहे ना इथे? लोकामध्ये 'के' कुठून आला?"

"क्लोदोमिरो म्हणायचा, परदेशी लोक शेवटचं अक्षर नेहमी आपल्या मनाचं लावतात."

"क्लोदोमिरोने शिकवलं हे?"

"मग कोणी? त्यानेच तर सगळ्यांना शिकवलं."

सगळ्यांना. अब्दोनने हळूच मागे वळून बघितलं. कागदी फुलं लावलेल्या गाड्यांची ओळ वळणापर्यंत गेलेली. प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाशी एकेक जण वाकलेला. विल्मेर. चर्चचा घंटावाला. स्वतः अध्यक्षांचा जावई. आणि ओळीतून आवाज येत होता: टक, टक, टक. सगळे पोकळ.

कोरड्या डांबरावर जोडलेलेच राहून, उगाच फिरून फिरून ते अ‍ॅक्सल झिजत होते. इतक्या वर्षांचे क्रॉस, बेरिंग, उघडलेले डिफरन्शियल, बाकावरच्या रांगा, आणि पाद्रीबाबांचं प्रवचन. राख कसली नि काय. सगळं खोरं एका मेलेल्या माणसाचं इंग्रजी वाचत होतं आणि तो त्यावर तज्ज्ञ झाला होता.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण अध्यक्ष कान देऊन उभे होते. विल्मेर दात काढत येत होता. ते वाक्य बोललं असतं तर होविता त्या क्षणी सगळ्या खोऱ्यासमोर वेडी ठरली असती, तिच्याबरोबर थडग्यातला क्लोदोमिरो, आणि अब्दोनही. शेवटचं नाव त्याच्या मनात पहिलं आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"राख," तो मोठ्याने म्हणाला. "फिरकीत राख बसली आहे. परक्या हाताला जुमानत नाही. धर्मबापाचा हात लागायला हवा." आणि तो लग्नाच्या सुटात गुडघ्यावर बसला, फिरकी फिरवली. टक. भरीव. दुसऱ्या बाजूला गेला. टक. "चला, कोमाद्रे. दांडा ओढा. घाई करू नका, तिच्या मनाने चढू द्या."

हट्टी चढली. न थांबता, न घसरता. वरच्या वळणावर होविताने हॉर्न दिला आणि रडली. अब्दोनने बाहेर बघितल्यासारखं केलं. मागे विल्मेरची नवी गाडी अर्ध्यावर जाऊन आडवी झाली होती आणि बँडवाले ढोल खाली ठेवून तिला ढकलत होते. अध्यक्षांनी छत्री मिटली. फेरी होविताकडे राहिली.

दुसऱ्या दिवशी अब्दोनने हट्टीच्या फिरक्या उतरवल्या, कानशीने अक्षरं घासून काढली आणि ब्रशने नवी लिहिली. जिथे चाक मोकळं होतं तिथे 'लोका', जिथे जोडलं जातं तिथे लाल रंगात 'फ्रेनो'. राखेवरचा उतारा म्हणून. ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याभरात सगळं खोरं बाकावर. अब्दोनने एकेक गाडीची अक्षरं पुसली आणि लिहिली. लोकांना लाल रंगाचा गुण आला. कुणी सायकल घेऊन आलं, तिलाही लाल ठिपका हवा होता. एका म्हातारीने शिलाई मशीन आणलं.

आणि मग बाक रिकामा झाला. क्रॉस वाजेनात, बेरिंग गुणगुणेनात. पुढच्या पावसाळ्याआधी पुढचा अ‍ॅक्सल घेऊन कुणीही आलं नाही. अब्दोन दारात बसून उकडलेल्या पावट्याची सालं काढी आणि दारावर टांगलेली वर्कशॉपची पाटी वाऱ्याने करकरत असे.

एका दुपारी होविता आली. ताजं चीज आणलं होतं. बाकावर बसली नाही, सरळ आत येऊन टूलबॉक्सवर बसली.

"कोम्पाद्रे, 'लोका' आधी इकडे होतं. आता तिकडे आहे."

"राख..."

"राख ठेवा बाजूला. क्लोदोमिरो चुकला होता ना?"

अब्दोनने पावट्याचं साल काढलं. "हो."

होविता म्हणाली, "त्या चढणीवर तो गाडीला लाथा मारायचा. शिव्या द्यायचा. हट्टी म्हणून नाव ठेवलं, ते लाडाने. मग खरंच तसं वाटायला लागलं. मरायच्या आधी मला म्हणाला, विकून टाक तिला, तिने माझं कधी ऐकलं नाही." होविताने डोळे पुसले. "आणि ती बिचारी त्याचंच ऐकत होती, कोम्पाद्रे. तो सांगेल ते अगदी तस्सं करत होती. तुम्ही एवढी वर्षं गाडीला विचारत बसलात. एकदा त्याला विचारायचं होतंत. तो इथेच तर बसायचा, त्या बाकावर."

अब्दोनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गेल्यावरही तो बाकाकडे बघत बसला.

तेवढ्यात पलीकडच्या खोऱ्यातली एक गाडी अंगणात शिरली. वळताना कट-कट वाजली. ड्रायव्हर उतरला, अब्दोनच्या हातात किल्ली दिली आणि रीतीप्रमाणे बाकावर जाऊन बसला. तो अब्दोनचं नाव ऐकून लांबून आला होता. अब्दोनने हात पुसले, बाहेर आला आणि त्याच्या शेजारी बसला.

"काय होतंय गाडीला?" त्याने विचारलं. "सांगा बघू. तुम्ही चालवता कशी?"

ड्रायव्हर चपापला. त्याने अब्दोनकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, अब्दोनच्या हातातून किल्ली परत घेतली. "काही नाही, मिस्त्री. सहज आलो होतो." आणि गाडी वळवून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना कळलं. अब्दोन मिस्त्री थकला. आता ड्रायव्हरलाच विचारतो.